नाकानं मोजलेलं तेल

माय,

तुला अक्षरओळख नव्हती. तू जिवंत असतीस तर हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते माझ्याच्यानं झालं नसतं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा ती अडचण आता उरली नाही. परवा अमडापूरची काकू शेगावला दर्शनाला आली होती. आपल्या भिंतीला भिंत लावून राहणारी, तीच. दर्शन आटोपून ती माझं दुकान विचारत विचारत आली, तासभर बसली, चहा प्याली, गुडघ्याचं तेल घेतलं आणि गेली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. दोन दिवस उगाच भांडी आपटली, शेवटी वही घेऊन बसले. वही म्हटल्यावर तुला काय आठवेल ते मला ठाऊक आहे. आठवू दे.

माझं दुकान तू पाहिलंच नाहीस. लॉजच्या मागच्या गल्लीत एक खोली आहे. पुढे तेलं विकते, पडद्यामागे बायकांना मालिश करून देते. फळीवर काळपट काचेच्या बाटल्या आहेत: लव्हेंडर, निलगिरी, पुदिना, लवंग, गवती चहा, आणि तुझं लाडकं रोशा गवताचं तेल. दूरदूरहून चालत आलेल्या बायका येतात, पाय सुजलेले असतात, कुणाला झोप नसते, कुणाचं डोकं ठणकतं. आठवड्यातून दोन दिवस मी पाचसहा बायकांना हे काम शिकवतेही. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट सांगते की हे वासाचं उडतं तेल नुसतं कधी अंगाला लावायचं नाही, दोन चमचे साध्या तेलात चार थेंब, त्यावर नाही. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहायची. पोटात घ्यायचं नाही. पोटुशी बाई आली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तान्ह्या लेकराच्या आसपास कापूर आणि निलगिरी फिरकूसुद्धा द्यायची नाही. वासानं रोग बरा होतो असं मी कुणाला सांगत नाही. जीव हलका होतो, झोप लागते, दुखणं थोडा वेळ विसरायला होतं, तेवढंच सांगते. गिऱ्हाईक जरा नाराज होतं. तू असतीस तर हसली असतीस, कारण तुझ्या तेलानं तर सगळंच बरं व्हायचं.

अमडापुरात कुणाकडे बाळंतीण आली की तुला बोलावणं यायचं. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक देणं, सव्वा महिना तुझाच हात. तुझ्या हाताला गुण आहे असं गाव म्हणायचं आणि तू पदर सावरत ते ऐकून घ्यायचीस. तेल तू घरीच करायचीस. चुलीवर लोखंडी कढई, तिच्यात तिळाचं तेल, ओवा, लसूण, मेथीदाणे. लसूण काळा पडला की कढई उतरवायची, निवू द्यायची, गाळायची, आणि मग उडतं तेल घालायचं. मोताळ्याकडच्या डोंगरात रोशा गवताची भट्टी लावणारा एक म्हातारा दिवाळीनंतर यायचा, त्याच्याकडून तू शिशीभर रोशाचं तेल घ्यायचीस. निलगिरी आणि कापूर बाजारातून. अजून मला तू दिसतेस. उकिडवी बसली आहेस, डाव्या हातात शिशी आहे, कढईत धार सोडते आहेस, मोजत काहीच नाहीस. मग झाकण ठेवतेस. थोड्या वेळानं झाकण उचलून, डोळे मिटून एकच लांब श्वास घेतेस आणि मान हलवतेस. झालं. त्या मानेवर गावातली सगळी तान्ही लेकरं अवलंबून होती.

मी चिखलीला कॉलेजात जायला लागले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेतून थेंब टाकायची मोडकी नळी फेकून देत होते, ती घरी आणली. रबराचा फुगा चांगला होता. तू शिशी ओतायला लागलीस की मी म्हणायचे, थांब, मी थेंब मोजते. एका जुन्या वहीत शिसपेन्सिलीनं लिहायला लागले. तारीख, किती तेल, निलगिरी किती थेंब, कापूर किती. मला वाटलं तुला आवडेल. तू ती वही दोन बोटांत धरून चुलीपासून लांब भिरकावलीस. "माह्या मायनं नाकानं मोजलं, म्या नाकानं मोजलं. तुले काऊन नळी लागते व? नाक कापून देलं काय कोनाले?" असं म्हणालीस. शेजारी काकू निवडायला तांदूळ घेऊन बसली होती, ती खो खो हसली. मी वही उचलून फळीवर ठेवली आणि तरीही गुपचूप लिहीत राहिले, कारण तू नाकानं मोजत होतीस ते दर वेळी जवळजवळ सारखंच भरायचं. त्याचं मला कौतुक वाटायचं. हे मी तुला कधी बोलले नाही आणि आता बोलायची इच्छाही नाही, पण खरं ते खरं.

मग त्या थंडीत तुला ताप आला. बारा दिवस अंथरुणात होतीस. उठलीस, कामाला लागलीस, सगळं पहिल्यासारखं झालं. एके दिवशी सकाळी मी अंगणात भांडी घासत होते, तर करपलेल्या दुधाचा वास थेट बाहेर. आत आले तर पातेल्यातून काळा धूर निघतोय आणि तू चुलीपाशी, हाताच्या अंतरावर, शांतपणे लसूण सोलत बसलेली. मी ओरडले, "माय, दूध!" तू दचकलीस. म्हणालीस, "आला होता मले वास. उठाचा कंटाळा केला." कंटाळा हा शब्द तुझ्या तोंडी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर तू तेल करताना मला हाक मारायला लागलीस. झाकण उचलायचीस, स्वतः श्वास घ्यायचीस आणि मग माझ्याकडे कढई सरकवायचीस. "सांग बरं कसं झालं? परीक्षा घेऊन राह्यली तुही." मी वास घेऊन सांगायचे, अजून थोडं चालेल, किंवा बस झालं. तू मान हलवायचीस, जणू तुला आधीच माहीत होतं. महिनाभर तुझं नाक मीच होते. मला कळलं होतं, माय. तुला वाटत होतं की मला कळलं नाही, आणि मी तुला तसं वाटू दिलं.

तो दिवस बुधवार होता. काकूचं लेकरू चार महिन्यांचं, सर्दीनं छाती भरलेली. काकूनं सकाळी येऊन तेल मागितलं. मी कॉलेजात होते. तू माझी वाट पाहू शकली असतीस. दुपारपर्यंत थांब, असं काकूला सांगितलं असतंस तर तिनं काही मरणाची घाई केली नसती. पण मग काकूनं विचारलं असतं की पोरीची वाट कशाला, आणि तुला ते चाललं नसतं. तू एकटीनं तेल केलंस. दुपारी मी परत आले तर दारातच डोळ्यांना पाणी आलं. निलगिरी आणि कापूर असा घमघमत होता की घशात झोंबलं. मी म्हटलं, "माय, लय जास्त झालं हे. कोनाले देलं?" तू चुलीकडे तोंड करून म्हणालीस, "तुहं नाक लय वाढलं आजकाल." काकूच्या लेकराची सर्दी मला ठाऊक होती, मी भिंतीपलीकडे जायला हवं होतं. तिथल्या तिथे, चप्पल न घालता. मी हातपाय धुवायला गेले. तुझ्याशी वाद नको म्हणून गेले. एवढा एक दोष माझा आहे आणि तो मी तेहतीस वर्षं उगाळते आहे.

थोड्या वेळानं काकूची किंकाळी ऐकू आली. लेकराचे डोळे वर गेले होते, हातपाय झटके देत होते, श्वास अडकत होता. छातीला तेल चोळलं होतं, आणि बोटाला उरलेलं तेल तू शिकवल्याप्रमाणे नाकाच्या शेंड्याला लावलं होतं. कुणाची तरी जीप मिळाली, लेकराला बुलडाण्याला नेलं. डॉक्टरनं बाटली हुंगली आणि विचारलं, हे कुणी दिलं? चार दिवसांनी लेकरू वाचून घरी आलं. पण ते चार दिवस सरायच्या आधीच, त्याच संध्याकाळी, काकूचा नवरा आणि दीर आपल्या अंगणात येऊन उभे राहिले. अर्धी गल्ली त्यांच्या मागे. काकूच्या नवऱ्यानं बाटली पुढे केली आणि शांतपणे विचारलं, "मावशी, हे तुह्या हातचं हाये?"

माय, तू आत गेलीस. मला वाटलं पाणी आणायला गेलीस. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात माझी वही होती. उलटी धरलेली. तू ती सगळ्यांना दाखवलीस आणि म्हणालीस, "हे पाहा. माही पोट्टी थेंब मोजून तेल करते आता. कालेजात शिकून आली. तिच्याच हातून जास्त पडलं. म्या हात नाई लावला." मग माझ्याकडे पाहिलंस. ती नजर मला आजही वाचता येते. त्या नजरेत विनवणी होती आणि धमकीही होती. गावाला तुझं नाक गेल्याचं कळलं तर तुला कुणी बाळाला हात लावू देणार नाही, आणि तुझ्याकडे दुसरं काहीच नाही, हे सगळं त्यात होतं. मी खाली बघितलं. कुणी म्हणालं, शिकल्यामुळे असंच होते. कुणी म्हणालं, नळीनं कुठी तेल होते काय. वही काकूच्या दिरानं घेतली, पानं चाळली, आणि पायरीवर टाकून दिली. त्या वहीत त्या दिवसाचं पान नव्हतंच, माय. मी घरी नव्हते. एकानं नीट वाचलं असतं तरी कळलं असतं.

मला वाटलं, लोक गेल्यावर तू बोलशील. तू भाकरी थापायला बसलीस. मला वाटलं, लेकरू घरी आल्यावर बोलशील. मग वाटलं, मला बघायला आलेली माणसं परत गेली तेव्हा बोलशील. दोन स्थळं परत गेली. एका बाईनं तर तोंडावर सांगितलं की जिच्या हातानं लेकरू मरता मरता वाचलं तिच्या हातात आम्ही आमची नातवंडं कशी द्यायची. तू तिला चहा दिलास आणि म्हणालीस, "पोट्टी आता सुधरली." सुधरली! पण मी एक गोष्ट पाहिली होती, तेव्हाही पाहिली होती. त्या दिवसानंतर तू तुझ्या तेलात उडतं तेल घालणं बंद केलंस. निलगिरीची शिशी परसात ओतून दिलीस. रोशावाला म्हातारा आला तर त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवलंस. नुसतं तीळ, ओवा, लसूण, मेथी. पुढची अकरा वर्षं तू तेच साधं तेल गावाला देत राहिलीस, झाकण उचलून डोळे मिटत राहिलीस, आणि गाव म्हणत राहिलं की हाताला गुण आहे. म्हणजे तुला सगळं समजलं होतं. माझ्याशी बोलायला तेवढा तुला वेळ मिळाला नाही.

लग्न करून मी शेगावला आले तेव्हा तू मला तुझी पितळी वाटी दिलीस, बाळाच्या तेलाची. काठाला पोचा पडलेली. देताना काहीतरी बोलशील म्हणून मी थांबले. "घासत जाय चिंचेनं," एवढंच बोललीस. ती वाटी दुकानात आहे. तिच्यात मी रबराचे फुगे आणि काचेच्या नळ्या ठेवते. पुढे पुण्याला सहा महिने हे काम शिकायला गेले, पहिल्याच तासाला बाईंनी हातात काचेची नळी दिली आणि म्हणाल्या, अंदाजानं काहीही करायचं नाही. मला तिथल्या तिथे रडू फुटलं. बाजूच्या मुली घाबरल्या. मी सांगितलं की कापराचा वास डोळ्यांत गेला.

तर परवा काकू आली. पाठीत वाकली आहे, पण जीभ तशीच. म्हणाली, नातवाला सर्दी झाली आहे, सात महिन्यांचा आहे. म्हणजे त्याच लेकराचं लेकरू, माय. तेच, ज्याचे डोळे वर गेले होते. "तू तं आता शिकली-सवरली. दे एखांदं तेल त्याच्या छातीले." मी म्हटलं, काकू, एवढ्याशा बाळाला यातलं काहीच चालत नाही, डॉक्टरला दाखवा. तिनं हात झटकला. "तुही माय असती तं देलं असतं. तिच्या हाताले गुण होता व. तुह्या एका चुकीनं बिचारीले लय ऐकून घ्या लागलं." माझ्यासोबत काम करणारी बाई, माझ्याच वयाची आहे, बाजूला बाटल्या पुसत होती. तिच्यासमोर हे. मला काय झालं कोण जाणे. तेहतीस वर्षांत जे बोलले नव्हते ते मी बोलले. म्हटलं, "काकू, ते तेल मी केलं नव्हतं. मी त्या दिवशी चिखलीला होते. मायचं नाक गेलं होतं, तिला वास येत नव्हता." मला वाटलं आता काकूला आठवेल, बुधवार, कॉलेज, सकाळची वेळ. ती म्हणाली, "मेल्या मानसाच्या माथी काऊन मारतं व? तिनं तं तुले कई एक शब्द बोलला नाई." आणि ते खरंच आहे. एक शब्दही बोलली नाहीस.

मग तिनं स्वतःच्या गुडघ्यांसाठी तेल मागितलं, जणू काही झालंच नव्हतं. मी करायला घेतलं. तिळाचं तेल मोजलं, रोशाचे थेंब मोजले, गवती चहाची बाटली काढली. तिच्यावरची तारखेची चिठ्ठी तेलानं पुसली गेली होती, कधी उघडली ते कळेना. हे तेल जुनं झालं की बिघडतं, कातडीला लागलं तर लालभडक पुरळ येतं, आणि ते ओळखायला नाकाशिवाय दुसरा उपाय नाही. सोबतची बाई म्हणाली, "ताई, वास घेऊन बघा, जुनं तर नाही ना झालं?" मी झाकण काढलं. बाटली नाकाशी नेली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि मान हलवली. थेंब मोजून घातले. काकू एकदम हसली, तोंडात दोनच दात. "अस्सीच करे तुही माय," म्हणाली. मनगटाला लावून एक दिवस थांबा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. तिला सांगितलं नाही. बाटली पिशवीत टाकून ती गेली.

सोबतची बाई आत्ता घरी दारात आली आहे, दुकान उघडायला किल्ली मागते आहे. ती गवती चहाची बाटली अजून दुकानात फळीवरच आहे. हे पत्र मी त्या पितळी वाटीखाली ठेवणार आहे, तिथे कुणी हात घालत नाही. माय, गेल्या थंडीत मलाही ताप येऊन गेला. परवा मला त्या बाटलीतून कसलाच वास आला नाही. आठ महिने झाले, कशाचाच येत नाही.